काटकसरी इंजिनाचा उधळा जनक

(द्वितीय वर्ष, वाणिज्य)

पेट्रोलपंपावर दोन नळ्या शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. एकीवर पेट्रोल असे लिहिलेले असते, दुसरीवर डिझेल. पेट्रोल या शब्दाचे मूळ खडकातले तेल या अर्थाच्या जुन्या लॅटिन शब्दात आहे. डिझेल हे मात्र चक्क एका माणसाचे आडनाव! हा गृहस्थ आपल्याकडे जन्मला असता तर आज ट्रकवाल्यांना वीस लिटर कुलकर्णी मागावे लागले असते. गमतीचा भाग सोडला तरी, ज्याचे नाव दिवसातून कोट्यवधी वेळा उच्चारले जाते त्याच्याविषयी आपल्याला जवळजवळ काहीच माहीत नसते, हे खरे आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनाच्या भानगडीत का पडावे, असे काही वाचकांना वाटेल. परंतु रुडॉल्फ डिझेलचे चरित्र वाचताना मला ते यंत्रशास्त्रापेक्षा जमाखर्चाच्या वहीसारखेच अधिक वाटले. एका बाजूस इंधनाच्या थेंबाथेंबाचा हिशेब, आणि दुसऱ्या बाजूस... पण ते क्रमाने सांगतो.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईबाप जर्मनीतल्या बव्हेरियाचे. वडील थिओडोर पुस्तकबांधणी व चामड्याच्या वस्तू बनविण्याचा धंदा करीत. घरची स्थिती बेताचीच. पोराला छंद एकच, पॅरिसच्या यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन जुनी यंत्रे न्याहाळण्याचा. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधल्या जर्मन लोकांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तेथे पोटापाण्याचे हाल, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्गला काकांकडे शिकायला धाडण्यात आले. हे काका तिथल्या शाळेत गणित शिकवीत. भाषा एक, गाव दुसरे, घर तिसरे अशी त्याची बालपणीची स्थिती होती. सीमाभागातल्या आपल्या मराठी-कन्नड मुलांना ती समजावून सांगायला नको.

त्या शाळेत त्याने एक छोटी नळी पाहिली असे सांगतात. नळीत दट्ट्या होता. दट्ट्या झटकन आत दाबला की आतली हवा इतकी तापे की ठेवलेला कापूस पेट घेई. ना काडी, ना ठिणगी. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे तोंड हाताला चटका देते, हा अनुभव आपणा सर्वांना आहे. त्यातलेच हे तत्त्व. हवा दाबली की तापते, पुरेशी दाबली की पेटवते. पुढचे सगळे डिझेल इंजिन या एका वाक्यात आहे.

शिष्यवृत्तीवर तो म्युनिकच्या तंत्रशाळेत गेला. तेथे कार्ल फॉन लिंडे हे त्याचे प्राध्यापक. बर्फ तयार करण्याच्या यंत्रांमुळे हे नाव प्रसिद्ध आहे. लिंडे यांच्या व्याख्यानात त्याने ऐकले की वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी शेकडा दहाहून अधिक कामी लावीत नाही. म्हणजे रुपयाचा कोळसा जाळा आणि दहा पैशांचे काम घ्या; नव्वद पैसे धुराड्यातून आकाशात! एखाद्या दुकानदाराने असा व्यवहार केला तर शेजारपाजारचे त्याला वेड्यात काढतील. पण सारे जग त्या काळी याच व्यवहारावर चालले होते. हे नव्वद पैसे वाचविण्याचा ध्यास या तरुणाने घेतला. १८७९ च्या परीक्षेला विषमज्वराने गाठले म्हणून बसता आले नाही. १८८० मध्ये मात्र तो अत्युच्च गुणांनी उत्तीर्ण झाला.

त्यानंतरची दहा वर्षे तो लिंडे यांच्या कंपनीत पॅरिसला बर्फाच्या यंत्रांची व्यवस्था पाहत होता. १८८३ साली त्याचे मार्था फ्लाशे हिच्याशी लग्न झाले, तीन मुले झाली. फावल्या वेळात त्याने अमोनियाच्या वाफेवर चालणारे एक इंजिन करून पाहिले. त्याचा स्फोट झाला व कित्येक महिने त्याला इस्पितळात काढावे लागले. माणूस शहाणा असता तर येथेच थांबला असता.

फेब्रुवारी १८९२ मध्ये त्याने आपल्या नव्या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला आणि पुढल्या वर्षी ते मिळालेही. नुसती हवा आत घ्यायची, ती प्रचंड दाबायची आणि त्या तापलेल्या हवेत नेमक्या क्षणी इंधन सोडायचे. ठिणगीची गरजच नाही. १८९३ साली यावर त्याने एक पुस्तकही छापले. त्यातली आकडेमोड जशीच्या तशी अमलात येण्यासारखी नव्हती, कारण दाब अतोनात धरला होता. पण ऑग्सबर्गचा यंत्र-कारखाना आणि क्रुप ही बलाढ्य कंपनी यांनी पैसा व माणसे दिली, हे त्याचे भाग्य.

१० ऑगस्ट १८९३. पहिल्याच चाचणीत इंधन पेटले खरे, पण दाब मोजण्याच्या उपकरणाच्या ठिकऱ्या उडाल्या आणि डिझेल थोडक्यात वाचला. मात्र तत्त्व सिद्ध झाले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या बळावर फिरले, जेमतेम मिनिटभर, मिनिटाला ८८ फेऱ्या. तोवर कारखान्याचा पट्टा इंजिनाला फिरवीत होता. आता इंजिन पट्ट्याला ओढू लागले. हे प्रथम एका कामगाराच्या लक्षात आले आणि त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली, अशी हकीकत आहे. मला या साऱ्या चरित्रातला हा सर्वांत सुंदर क्षण वाटतो.

बरोबर तीन वर्षांनी, फेब्रुवारी १८९७ मध्ये, प्राध्यापक श्रोटर यांनी तिसऱ्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. उंची पुरुषभराच्या दीडपट, ताकद सुमारे १८ अश्वशक्ती, फेऱ्या मिनिटाला दीडशेच्या आसपास. पण उष्णतेपैकी शेकडा २६.२ भाग कामी! रुपयात दहा पैशांवरून एकदम सव्वीस पैसे. आजच्या चांगल्या मोटारींची डिझेल इंजिने चाळीसच्या घरात जातात, पण पहिली उडी ही होती.

त्यानंतर पैशाचा पाऊस पडला. अमेरिकेतले मद्यसम्राट अडॉल्फस बुश यांनी तिकडचे हक्क दहा लाख मार्कांना घेतले. १८९८ मध्ये डिझेलने आपले सर्व हक्क एका नव्या कंपनीला सुमारे ३५ लाख मार्कांना विकले. त्यातला बराच भाग शेअर्सच्या रूपात होता, हे माझ्या वर्गमित्रांनी ध्यानात घ्यावे. म्युनिकला राजवाड्यासारखा बंगला उठला. जमिनींच्या आणि तेलक्षेत्रांच्या सट्ट्यात पैसा गुंतला आणि बुडाला. इंजिनात थेंब वाया जाऊ न देणारा हा माणूस स्वतःच्या तिजोरीचे झाकण मात्र उघडेच ठेवीत असे. इकडे गिऱ्हाइकांना दिलेली पहिली इंजिने सारखी बिघडत होती. त्यातले एक केम्पटेन गावच्या आगकाड्यांच्या कारखान्यात बसवले होते. ठिणगीवाचून पेटणाऱ्या इंजिनाने काड्यांचा कारखाना चालवावा, हा योग काही औरच! ऑग्सबर्गला त्याच्या नावाने काढलेला कारखाना तर शेवटपर्यंत धड चाललाच नाही. पेटंटावर दावे लागले. १८९८ च्या सुमारास त्याची प्रकृती पार ढासळली आणि त्याला आरोग्यधामात राहावे लागले.

१९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या इंजिनाला सर्वोच्च बक्षीस मिळाले. तेथे एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविले होते. ज्या तेलावर आपल्या आया-आजी फोडणी देतात त्यावर! आणि ते इतके सुरळीत चालले की फार थोड्यांच्या ते लक्षात आले.

येथून पुढे डिझेलपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो मला या लेखात मुख्यतः सांगायचा आहे. कारखान्यात एका जागी बसून पंप किंवा पट्टा फिरवणे हे काम या इंजिनाला छान जमे. पण त्याचा स्वभाव हट्टी. ते हळू फिरते, नेटाने ओढते आणि फेऱ्यांच्या एका ठराविक टप्प्यातच खूश असते. आगगाडीचे वाफेचे इंजिन शून्यापासून ओढू लागते. डिझेलला आधी फिरते ठेवावे लागते, मग काम द्यावे लागते. मग त्यावर वाहन चालवायचे कसे? इंजिन आणि चाक यांच्यामध्ये कोणीतरी मध्यस्थ हवा. १९०३ साली नोबेल बंधूंच्या कंपनीने रशियात व्होल्गा नदीवर वांदाल नावाची तेलवाहू बोट उतरवली. तीत १२० अश्वशक्तीची तीन डिझेल इंजिने होती. ती उलटी फिरू शकत नव्हती, म्हणून इंजिनांनी वीज करायची आणि विजेच्या मोटारींनी पंखे फिरवायचे, अशी योजना केली. गिअरबॉक्सचे काम विजेने केले म्हणा ना! १९१२ ची डॅनिश आगबोट सेलँडिया तर उलटी फिरणारी डिझेल इंजिने घेऊन कोपनहेगनहून बँकॉकपर्यंत गेली.

मोटारगाडीसाठीही डिझेलने खटपट केली. १९०८ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील साफिर कंपनीबरोबर मालमोटारीचे छोटे इंजिन करून पाहिले. ते धंद्याच्या दृष्टीने फसले. त्या काळी इंधन आत फवारण्यासाठी दाबलेल्या हवेचा वेगळा पंप लागे, आणि तो पंप वागवता वागवताच गाडी थकून जाई. त्याच्या मृत्यूनंतर, १९२३-२४ च्या सुमारास, जर्मनीत डिझेलच्या मालमोटारी निघाल्या. १९२७ पासून बॉशचा इंधनपंप मिळू लागला. १९३६ साली मर्सिडीजची २६० डी ही डिझेलची मोटार बाजारात आली. त्याच घराण्याचे ओएम ६१६ हे २.४ लिटरचे इंजिन पुढे पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीने परवान्यावर बनवले, आणि मॅटॅडोर गाडीतून ते आपल्या गल्लीबोळांत शिरले. शेतातल्या पंपांसाठी तर किर्लोस्करांच्या ऑईल इंजिन कंपनीने १९४६ पासूनच पुण्याला काम आरंभले होते. या उद्योगाचे मूळपुरुष लक्ष्मणराव किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, म्हणजे आपल्या दोन्ही भाषांचे!

या साऱ्याचा अर्थ मला कळला तो उज्जैनला. माझे मामा तिथले. शिंदेशाहीबरोबर माळव्यात गेलेली जी मराठी घराणी तिथे रुजली, त्यांपैकी त्यांचे एक. शेत आगर रस्त्याच्या बाजूला आहे. काळी माती, पावसाळ्यात चिखल असा की बैलसुद्धा विचार करून पाऊल टाकतो. त्यामुळे चारही चाकांनी ओढणारी जीप हा तिकडे चैनीचा प्रकार नव्हे. त्यांच्याकडे जुनी पेट्रोल जीप होती, लिटरला आठ किलोमीटर जेमतेम. तिच्यात डिझेल इंजिन बसवायचे ठरले आणि मी सुटीत गॅरेजात बसून राहिलो. देशभर अशा शेकडो जीपांची ही शस्त्रक्रिया झालेली आहे, तेव्हा त्यात नवल नाही. पण मिस्त्रींनी पहिला प्रश्न इंजिनाचा काढलाच नाही. त्यांनी गिअरबॉक्सची चौकशी केली.

कारण असे. जुन्या जीपच्या मागच्या धुरीत क्राउन-पिनियनचे प्रमाण ५.३८ असते, म्हणजे चाक एकदा फिरायला वरचा दांडा ५.३८ वेळा फिरतो. टॉप गिअरमध्ये तो दांडा आणि इंजिन यांच्या फेऱ्या सारख्याच. जीपचे चाक एका फेरीत सुमारे २.२ मीटर जाते. ताशी ६० किलोमीटरला मिनिटाला एक हजार मीटर, म्हणजे चाकाच्या ४५५ फेऱ्या, आणि इंजिनाच्या जवळजवळ २४५०. पेट्रोल इंजिन चार हजारांपर्यंत फिरते, त्याला हे काहीच नाही. पण ट्रॅक्टरच्या वंशातले डिझेल इंजिन दोन हजारांच्या आसपासच खरे खुलते; त्याला २४५० म्हणजे जवळजवळ शेवटची शिडी. ते आरडाओरड करणार, तेल पिणार आणि लवकर झिजणार. ज्या बचतीसाठी खटाटोप केला तीच हातची जाणार. याउलट मर्सिडीज वंशाचे इंजिन चार हजारांच्या वर फिरते, त्याला जुने प्रमाण चालून जाते. डिझेल म्हणजे सगळे एकच नव्हे, हे लोक विसरतात.

मग मंद इंजिनासाठी काय करावे? क्राउन-पिनियन बदलता येतो, पण जीप चार चाकांची! मागचा बदलला तर पुढचाही तंतोतंत त्याच प्रमाणाचा हवा. नाहीतर फोर-व्हील टाकताच पुढची व मागची चाके एकमेकांशी भांडतील आणि दात तुटतील. खर्च दुप्पट. शिवाय जुन्या जीपमध्ये मीटरची तार ट्रान्स्फर केसवरून निघते, त्यामुळे प्रमाण बदलले की मीटर कमी किलोमीटर दाखवू लागतो आणि अ‍ॅव्हरेजचा हिशेबच खोटा पडतो. त्यापेक्षा पाचवा गिअर असलेला गिअरबॉक्स बसवावा. पाचव्याचे प्रमाण ०.८५ धरले तर ६० च्या वेगाला इंजिन २१०० च्या आतच फिरते, मीटर खरा राहतो आणि धुरी जशाच्या तशा. जुन्या जीपचा तीन गिअरांचा गिअरबॉक्स डिझेलच्या धक्क्यांना फार दिवस पुरत नाही, तेही एक आहेच. त्याच्या पहिल्या गिअरला तर सिंक्रोही नसते.

इंजिनाचा स्वतःचाच गिअरबॉक्स का लावू नये, असा प्रश्न मला पडला होता. मॅटॅडोरच्या बाबतीत ते जमत नाही, कारण ती गाडी पुढच्या चाकांनी ओढते. तिचा गिअरबॉक्स आणि धुरी एकत्रच, त्याला जीपचा ट्रान्स्फर केस जोडणार कुठे? म्हणून तिचे फक्त इंजिन घेतात आणि मधे ऍडॉप्टर प्लेट लावतात. ही प्लेट केसभर वाकडी बसली तरी क्लच आणि बेअरिंग बोलू लागतात.

उलट्या टोकाची चूकही होते. उंच गिअर लावला की झाले, असे समजून चढावर किंवा चिखलात इंजिनाला नऊशे फेऱ्यांवर रेटायचे. मग काळा धूर निघतो, क्लच जळतो आणि तेल जास्तच जाते. त्यासाठीच ट्रान्स्फर केसचा लो गिअर असतो. जुन्या जीपमध्ये तो ओढ जवळजवळ अडीचपट करतो. तो चिखलापुरता वापरायचा. कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून हिंडणाऱ्या शौकिनांनी अ‍ॅव्हरेजची तक्रार करू नये.

मी माझ्या परीने हिशेब मांडला. आठाचे बारा किलोमीटर झाले, दिवसाला शंभर किलोमीटर आणि वर्षाला तीनशे दिवस धरले, तर वर्षाला १२५० लिटर वाचतात. त्यातला काही भाग इंजिनाची करामत नव्हे, तेलाची आहे. लिटरभर डिझेल लिटरभर पेट्रोलपेक्षा वजनाला जड असते आणि त्यात उष्णताही शेकडा दहा-पंधराने अधिक असते. आणि उजव्या बाजूला इंजिन, प्लेट, क्लच, मोठा रेडिएटर, वजनाने बसणाऱ्या पुढच्या स्प्रिंगा, मजुरी हे सारे लिहावे लागते, शिवाय आर.टी.ओ.कडे नोंदणीत बदल करून घेण्याचा खर्च. रोज हिंडणाऱ्याला दोन वर्षांत वसूल होईल. रविवारी महाकालाच्या दर्शनापुरती गाडी काढणाऱ्याला जन्मात नाही. मामांनी हा कागद दोनदा वाचला, आणि इंजिनाऐवजी आधी पाच गिअरांचा गिअरबॉक्स शोधायला माणूस धाडला.

असो. ज्याने हा सारा हिशेब जगाला शिकवला त्याचा स्वतःचा हिशेब १९१३ च्या सुमारास संपत आला होता. मूळ पेटंटांची मुदत काही वर्षांपूर्वीच सरली होती. बंगला गहाण होता. बाहेर मान तेवढाच मोठा; १९१२ मध्ये अमेरिकेत त्याचे जंगी स्वागत झाले होते. खिशात काही नाही हे बायकोलाही ठाऊक नव्हते.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी संध्याकाळी तो अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. तिकडे त्याच्या इंजिनांच्या कंपनीची बैठक होती. सोबत्यांबरोबर जेवण झाले, दहाच्या सुमारास तो आपल्या खोलीत गेला, सकाळी सव्वासहाला उठवण्यास सांगून. सकाळी खोली रिकामी होती. बिछान्यावर कोणी निजलेच नव्हते. टोपी आणि घडी केलेला ओव्हरकोट डेकच्या कठड्यापाशी सापडला. रोजनिशीत त्या तारखेला एक लहानशी फुली होती. कोणी घातपात म्हणाले, कोणी जर्मन हेरांचे नाव घेतले. मला त्या कथांपेक्षा खातेवही अधिक बोलकी वाटते.

दहा-बारा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक प्रेत दिसले. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि प्रेत पुन्हा समुद्राला दिले. गोळ्यांची डबी, चष्म्याचे घर, चाकू अशा त्या वस्तू धाकट्या मुलाने, ऑयगेनने, वडिलांच्या म्हणून ओळखल्या.

निघण्यापूर्वी डिझेलने मार्थाजवळ एक बॅग दिली होती आणि आठवडाभर ती उघडू नये असे बजावले होते. तिने ती उघडली तेव्हा आत काही रोख नोटा होत्या, आणि बँकांचे खातेउतारे. खात्यांवर जवळजवळ काहीच शिल्लक नव्हते.